‘ताओइसेच’ नव्हे, तीशख

प्रश्न : लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हापासूनची एक शंका. त्यांच्या पदाचं नाव कुठे ‘ताओइसेच’, कुठे ‘टीशॉक’, तर कुठे ‘टाओसीच’ असं वाचलं. खरा उच्चार कोणता आणि अर्थ काय? सरळ ‘पंतप्रधान’ का म्हणत नाहीत? त्या पदावर बाई आली तर शब्द बदलेल का?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : तीशख. पहिला ‘त’ तिळातला, आणि शेवटचा ‘ख’ घशात घासून म्हणायचा, उर्दू ‘ख़ास’मधल्यासारखा. इंग्रजी बोलताना आयरिश माणसंही ‘टीशॉख’ म्हणतात, कारण इंग्रजीत दंत्य ‘त’ नाही. आपल्याकडे तो आहे, मग ‘ट’ कशाला? ‘ताओइसेच’ दिसलं की माझा हात आजही तांबड्या पेनाकडे जातो. नारायण पेठेतल्या छापखान्यात मुद्रितं तपासण्यात उमर गेली, खोड जात नाही.

पण ‘ताओइसेच’ लिहिणाऱ्याला मी सगळा दोष देणार नाही. रोमन लिपीत टी, ए, ओ, आय, एस, ई, ए, सी, एच अशी नऊ अक्षरं समोर आल्यावर तो बिचारा काय करणार! ही अक्षरं इंग्रजीच्या हिशेबाने मांडलेलीच नाहीत. आयरिशमध्ये स्वरांचे दोन गट आहेत : ए, ओ, यू हे ‘रुंद’ आणि ई, आय हे ‘अरुंद’. व्यंजनाच्या डाव्या-उजव्या बाजूला एकाच गटाचे स्वर हवेत, असा लेखनाचा नियम आहे. इथे ‘एस’च्या डावीकडे आय आणि उजवीकडे ई, म्हणून तो ‘स’ न राहता ‘श’ होतो. त्याच्या पुढचा ई स्वतः जवळजवळ उच्चारला जात नाही. ‘इथे श म्हणा’ एवढं सांगायला तो बसवलेला आहे. ए-ओ-आय हे त्रिकूट मिळून नुसता ‘ई’.

हे फार परकं वाटत असेल तर खिशातला पैसा काढा. पैसा, पण पैशाला. मासा, पण माशाचा. म्हैस, पण म्हशी. ‘इ’ किंवा ‘य’ शेजारी आला की मराठीतही ‘स’चा ‘श’ होतो (‘घोड्याला’मधला ‘य’ ‘पैशाला’मध्ये लपलेला आहे). सिंदूरचा शेंदूर आपण असाच केला आणि हिंदीच्या ‘सीखना’शेजारी आपलं ‘शिकणं’ उभं आहे. आपण हा बदल उच्चाराप्रमाणे लिहून टाकतो. आयरिश लोक ‘एस’ तसाच ठेवून शेजारच्या स्वरांनी सुचवतात. एवढाच काय तो फरक.

आता अर्थ. आयरिशमध्ये ‘तूस’ म्हणजे सुरुवात. तीशख त्याच घरातला : जो पहिला, जो पुढे, म्हणून टोळीचा प्रमुख. आपला ‘पुढारी’ नेमका याच वाटेने आला. वेल्समध्ये क्लोकाइनॉग इथल्या एका जुन्या दगडावर याच शब्दाचं षष्ठीचं रूप ‘तोविसाकी’ असं कोरलेलं सापडलं आहे. लिपी ओगम, म्हणजे दगडाच्या कडेवर पाडलेल्या खाचा. दगड सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा. वेल्श भाषेत या शब्दाचा भाऊ राजपुत्राला लावतात. स्कॉटलंडात ‘मॅक अन तोशिख’, म्हणजे प्रमुखाचा पोरगा, हे आडनाव झालं आणि इंग्रजीत त्याचं ‘मॅकिंटॉश’. जुन्या पुणेकरांचा पावसाळी कोट तो हाच. चार्ल्स मॅकिंटॉश नावाच्या स्कॉटिश माणसाने त्याचं जलरोधक कापड काढलं.

‘पंतप्रधान’ का नाही? १९२२ नंतरच्या आयरिश राज्यात सरकारप्रमुखाला ‘कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष’ म्हणत. १९३७ची राज्यघटना आली, तिच्या २८व्या कलमात सरकारप्रमुखाला तीशख म्हणावं असं इंग्रजी मसुद्यातही लिहिलं गेलं. फ्रँक मॅकडरमॉट या सदस्याने संसदेत दुरुस्ती मांडली की निदान इंग्रजीत ‘प्राइम मिनिस्टर’च ठेवा, कारण शंभरातले नव्व्याण्णव लोक हा शब्द चुकीचाच म्हणतील. भाकीत आपल्या वर्तमानपत्रांनी खरं करून दाखवलं! दुरुस्ती मात्र पडली आणि एमन डी व्हॅलेरा पहिले तीशख झाले.

शनिवारवाड्याच्या गावात तर हे चटकन कळायला हवं. ‘पेशवा’ हा फारसी शब्द, ‘पेश’ म्हणजे पुढे. अर्थ अगदी तीशखचाच. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी त्याचा ‘मुख्य प्रधान’ केला, तरी लोकांच्या तोंडून पेशवा गेला नाही. इंग्रजी इतिहासातही त्याला कुणी प्राइम मिनिस्टर करत नाही. म्हणून माझं मत : बातमीत पहिल्यांदा ‘तीशख, म्हणजे पंतप्रधान’ लिहावं, पुढे नुसतं तीशख.

शब्द पुल्लिंगी आहे आणि बाई आली तरी तो तसाच राहील. आपण इंदिराबाईंना कुठे ‘पंतप्रधानीण’ म्हटलं? ‘तीशख म्हणाल्या’, ‘तीशखांनी सांगितलं’ असं बिनदिक्कत चालवा. आयरिशमधलं षष्ठीचं रूप ‘तीशी’ आणि अनेकवचनही तेच, पण ते मराठीत आणू नका. वाचक वयाचा विचार करू लागेल. हाक मारताना तर गंमतच होते : शब्दाची सुरुवातच बदलते आणि ‘अ हीशी’ ऐकू येतं. आपलं सामान्यरूप शेपटीकडून बदलतं, यांचं डोक्याकडूनही.

जाता जाता, ‘वराडकर’ असंच लिहा, ‘वरदकर’ नव्हे. गाव वराड, तालुका मालवण.

प्रश्न : वराडकर मध्ये काही काळ दुसऱ्याच पदावर होते ना? त्याला काय म्हणतात?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तॉनिश्ते. जुन्या आयरिशमध्ये अर्थ ‘दुसरा’. प्रमुख हयात असतानाच निवडून ठेवलेल्या वारसाला म्हणत. आता उपपंतप्रधान. हाही शब्द पुल्लिंगी, तरी १९९७ साली मेरी हार्नी त्या पदावर आल्या आणि शब्द बदलला नाही. वराडकर २०१७ ते २०२० तीशख होते, मग तॉनिश्ते, आणि डिसेंबर २०२२मध्ये मीहॉल मार्टिन यांच्याशी खुर्च्यांची अदलाबदल करून एप्रिल २०२४पर्यंत पुन्हा तीशख. त्या काळातली कात्रणं वाचताना आधी तारीख बघा.