मानेच्या झटक्यानंतरची उदासी: आधी मान की आधी मन?

ताई, तुमच्या मिस्टरांच्या गाडीला साडेतीन महिन्यांपूर्वी द्रुतगती मार्गावर मागून धडक बसली. एमआरआय नॉर्मल, तरी मान दुखतेच. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, गाडीत बसायचं टाळतात, मुलांवर खेकसतात, मधूनच रडू येतं. घरचे म्हणतात, रिपोर्टमध्ये काही नाही म्हणजे हे मनाचं आहे. आणि तुम्ही विचारताय, आधी मान बरी करायची की आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, अपघातात मान दुखावलेले रुग्ण बरीच वर्षं बघतेय. माझं उत्तर: दोन्ही एकाच वेळी, आणि आत्ताच. मान बरी झाली की मूड आपोआप सुधारेल म्हणून थांबण्यात महिने जातात आणि दुखणं मुरतं.

आधी त्या ‘नॉर्मल’ रिपोर्टबद्दल, कारण घरातला निम्मा ताण तिथून आलेला दिसतो. एमआरआयमध्ये मोडलेलं हाड, सरकलेली चकती, दबलेली नस दिसते. ताणलेले स्नायू, मणक्यांमधल्या छोट्या सांध्यांची दुखापत आणि धक्क्यानंतर हळव्या झालेल्या नसा बहुतेक वेळा दिसत नाहीत. १९९५ साली कॅनडातल्या क्वेबेकच्या तज्ज्ञगटाने या दुखापतीच्या पायऱ्या ठरवल्या. त्यातल्या पहिल्या पायरीतच ‘दुखतं, पण तपासणीत काही सापडत नाही’ असे रुग्ण आहेत. म्हणजे हा प्रकार वैद्यकशास्त्राला पुरता ठाऊक आहे. सासूबाईंना हे जरूर सांगा. आपलं दुखणं कुणाला खरंच वाटत नाही, ही भावना माणसाला फार लवकर खचवते.

आता उदासीबद्दल. कॅनडाच्याच सस्कॅचेवान प्रांतात अशा हजारो अपघातग्रस्तांचा पाठपुरावा झाला. त्यात सुमारे ४२ टक्के लोकांमध्ये पहिल्या सहा आठवड्यांतच नैराश्याची लक्षणं दिसली. तेव्हा तुमचे मिस्टर मनाने कच्चे आहेत, असं कुणी म्हणत असेल तर ते साफ चूक आहे. दुखण्यामुळे झोप मोडते, आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त जाणवतं. दुखेल या धास्तीने माणूस मान हलवत नाही, न हलवल्याने ती आखडते, आणि आखडलेली मान हलवली की खरंच दुखते. त्यात कामावर जाणं बंद, मित्र बंद. शिवाय मेंदू वेदना दाबण्यासाठी जी सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायनं वापरतो, त्यांचाच मूडशीही संबंध आहे. म्हणून ड्युलोक्सेटिनसारखं औषध नैराश्यावरही देतात आणि जुनाट दुखण्यावरही. अशी चिठ्ठी मिळाली तर ‘वेड्याची गोळी दिली’ म्हणून घाबरू नका. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने अचानक बंद करायची नसते.

एक गोष्ट मात्र नीट वेगळी करा. उदासी आणि अपघाताची दहशत या दोन गोष्टी आहेत, दोन्ही एकदम असू शकतात. करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला की दचकणं, तो क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, त्या रस्त्याने जायलाच नको म्हणणं, हे महिन्याहून जास्त टिकलं तर त्यावरची थेरपी वेगळी असते. डॉक्टरांसमोर नुसतं ‘टेन्शन घेतात’ म्हणू नका, हे सगळं जसंच्या तसं सांगा. नाहीतर झोपेची गोळी मिळते आणि मूळ गोष्ट तशीच राहते.

मानेचे व्यायाम आणि मनाचं काम एकत्र केल्याने फरक पडतो, हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या एका चाचणीत दिसलंय. तिथे फिजिओथेरपिस्टनीच व्यायामासोबत ताण हाताळायची तंत्रं शिकवली. नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्या रुग्णांचा त्रास जास्त कमी झाला, आणि वर्षभराने पाहिलं तरी फरक टिकून होता. तुमच्या फिजिओंशी यावर मोकळेपणाने बोला. मानेचा पट्टा अजून दिवसभर लावत असतील तर तो कसा सोडवायचा, हेही विचारा.

गाडीचं भय थोडं थोडं करूनच जातं. आधी उभ्या गाडीत बसणं, मग बाजूच्या सीटवर बसून सोसायटीला एक चक्कर, मग जवळचा बाजार. महामार्ग सगळ्यात शेवटी. ‘घाबरतोस काय, चल’ असं म्हणून थेट एक्सप्रेसवेवर नेलं तर भीती वाढते.

‘जगून काय उपयोग’ असं काही बोलत असतील तर सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळं होतं. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. हाताला मुंग्या, पकड सैल होणं, चालताना तोल जाणं असं काही नवीन सुरू झालं तर मात्र आधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा न्यूरोलॉजिस्ट.

नुकसानभरपाईचा दावा केला असेल तर मानसोपचाराचे कागदही त्याच फाइलमध्ये ठेवा. तोही अपघातामुळेच झालेला खर्च आहे.

आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. ट्रामाडॉल हे वेदनाशामक औषध असेल तर ते आवर्जून दाखवा, कारण नैराश्यावरच्या काही औषधांबरोबर ते धोक्याचं ठरू शकतं.