मोठ्या मराठी प्रबंधासाठी वर्ड 2010 सोडून नवी आवृत्ती घ्यावी का?

आपण लिहिले आहे की सुमारे 400 पानांचा मराठी प्रबंध वर्ड 2010 मध्ये एकाच फाइलीत आहे, ती उघडायला आणि सेव्ह व्हायला फार वेळ लागतो, टाइप केलेली अक्षरे मागाहून उमटतात, आणि प्रबंध सादर करायला चार महिने उरले आहेत. मी बरीच वर्षे प्रबंध व पुस्तके यांची संगणकावर मांडणी करून देतो. माझे मत असे की केवळ हा संथपणा घालवण्यासाठी आत्ता नवी आवृत्ती विकत घेऊ नये. आधी फाइल तपासावी, कारण बहुतेक वेळा दुखणे फाइलीतच असते आणि नव्या आवृत्तीत ते जसेच्या तसे सोबत येते.

मोठ्या लेखनाला जे लागते, म्हणजे हेडिंगच्या स्टाइल, आपोआप तयार होणारी अनुक्रमणिका, तळटीपा, परस्परसंदर्भ आणि विभागवार पृष्ठक्रमांक, ते सगळे 2010 मध्ये आहे. डावीकडच्या नेव्हिगेशन पेनमध्ये मथळा ओढून अख्खे प्रकरण हलवण्याची सोय तर त्याच आवृत्तीत आली. पानांची संख्याही मोठी नव्हे. पानाला 2000 अक्षरे धरली तरी आठ लाख अक्षरे होतात, आणि वर्डमध्ये नुसत्या मजकुराची मर्यादा 32 एमबी, तर चित्रांसह फाइलीची 512 एमबी आहे. त्यामुळे मजकुरामुळे वर्ड थकले असे मला वाटत नाही.

पहिला संशय चित्रांवर घ्यावा. फाइल 'डॉक्स' (.docx) स्वरूपात असेल तर तिची एक प्रत काढून प्रतीच्या नावाचा शेवट बदलून 'झिप' करावा आणि ती उघडून 'मीडिया' नावाच्या फोल्डरमध्ये कोणते चित्र किती एमबीचे आहे ते पाहावे. इतिहासाच्या एका प्रबंधात मला असे दिसले होते की जुन्या कागदपत्रांची पूर्ण पाने स्कॅन करून चिकटवली होती आणि नंतर त्यांतील चार ओळी तेवढ्या दिसतील अशी ती कापली होती. वर्डमध्ये चित्र कापले तरी कापलेला भाग फाइलीतच राहतो. 'कॉम्प्रेस पिक्चर्स' या आज्ञेने तो काढून टाकावा लागतो. तेवढे केल्यावर त्या फाइलीचा आकार एक दशांशावर आला आणि संगणक बदलण्याचा बेतही रद्द झाला.

चित्रांत काही सापडले नाही तर ट्रॅक चेंजेसमधील, म्हणजे वर्डने केलेल्या दुरुस्त्यांच्या नोंदीतील, जुने, निकालात निघालेले बदल स्वीकारून टाकावेत. त्यानेही भागले नाही तर शेवटचे परिच्छेदचिन्ह वगळून सगळा मजकूर नव्या कोऱ्या फाइलीत चिकटवून पाहावा, कारण बिघडलेल्या मांडणीची माहिती पुष्कळदा त्या शेवटच्या चिन्हालाच चिकटलेली असते. लिहिताना प्रिंट लेआउटऐवजी ड्राफ्ट दृश्य वापरल्यासही बराच फरक पडतो.

मराठीपुरती एक वेगळी तपासणी आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नेव्हिगेशन पेनमध्ये काही मथळे अगम्य रोमन अक्षरांसारखे दिसत असतील, तर तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतांत, नसून रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. असा मजकूर कितीही नव्या वर्डमध्ये नेला तरी शोध, वर्णक्रम आणि शुद्धलेखन तपासणी यांसाठी निरुपयोगीच राहतो. त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी तो युनिकोडमध्ये रूपांतरित करावा आणि जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासावेत. शिवाय वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मानते आणि तिचा फॉन्ट व आकार वेगळ्या रकान्यात ठेवते. स्टाइलमध्ये आकार बदलूनही मराठी अक्षर हलत नाही अशी तक्रार असते तिचे कारण हेच, आणि मग लोक प्रत्येक परिच्छेदाचा फॉन्ट व आकार हाताने बदलत बसतात, त्यातून फाइल आणखी गुंतागुंतीची होते.

तरीही नवी आवृत्ती घेण्याची खरी कारणे आहेत. ऑफिस 2010 ची सुरक्षा अद्ययावत करणे 13 ऑक्टोबर 2020 रोजी थांबले, आणि आपण मार्गदर्शकांकडून व इतरांकडून आलेल्या फाइली सतत उघडत असाल, तर हे कारण वेगापेक्षा जड आहे. 2016 आणि 2019 याही आवृत्त्यांची मुदत 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली, त्यामुळे स्वस्तात मिळतात म्हणून त्या घेऊ नयेत. एकदाच पैसे भरायचे असतील तर 2024 ची आवृत्ती पाहावी. मार्गदर्शक नव्या आवृत्तीत शेरे लिहीत असतील, तर शेऱ्याला तिथल्या तिथे उत्तर देण्याची 2013 पासूनची सोयही उपयोगी पडेल. लिबरऑफिस हा वर्डसारखा दुसरा लेखन-संच मोफत आहे आणि नवे लेखन तिथूनच सुरू करणार असाल तर उत्तम आहे, परंतु मार्गदर्शक वर्ड वापरत असताना एकच फाइल दोन्हींकडे फिरवत ठेवणे मी टाळीन. मास्टर डॉक्युमेंटच्या, म्हणजे अनेक फाइली एका मुख्य फाइलीत जोडून ठेवण्याच्या सोयीच्या, वाटेला तर वर्डमध्ये जाऊच नये. तिच्याविषयीच्या तक्रारी फार जुन्या आहेत. त्यापेक्षा प्रकरणे वेगळ्या फाइलींत लिहून शेवटी एकत्र करणे बरे.

वेळेचा प्रश्न उरतो. 2010 ची फाइल 2013 किंवा त्यापुढच्या वर्डमध्ये कम्पॅटिबिलिटी मोडमध्ये, म्हणजे जुन्या आवृत्तीची मांडणी सांभाळून, उघडते, आणि 'कन्व्हर्ट' या आज्ञेने ती नव्या स्वरूपात बदलली की पाने इकडची तिकडे सरकू शकतात. म्हणून मी आपल्या जागी असतो तर वरच्या तपासण्या या आठवड्यात केल्या असत्या, बाहेरून आलेल्या फाइली दुसऱ्या अद्ययावत संगणकावर उघडल्या असत्या आणि खरेदी प्रबंध सादर होईपर्यंत पुढे ढकलली असती. आत्ताच बदलणे भाग पडले, तर मूळ फाइल बाजूला ठेवून तिच्या प्रतीवरच काम करावे आणि अंतिम छपाई होईपर्यंत 'कन्व्हर्ट' दाबू नये.