काबुकी या जपानी नाट्यप्रकाराच्या छापचित्रात नट नेमका कोण, हे कसं ओळखायचं?

जपानी लिपी वाचता येत नसेल तर आधी बाही बघा. काबुकी नटांच्या प्रत्येक घराण्याचं चिन्ह ठरलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा पोशाखावर काढलेलं असतं. एकात एक बसवलेले तीन चौकोन (तांदूळ मोजायची मापं ती!) दिसले, की तो इचिकावा दानजुरो किंवा त्याच्या घराण्यातला नट. बाईच्या कपाळावर जांभळं फडकं असेल तर ती बाई नव्हे, स्त्रीपार्टी पुरुष. १६२९ मध्ये बायकांना रंगमंचावर बंदी झाली, आणि पुढे या नटांना कपाळावरचे केसही भादरावे लागत. ते झाकायला हे फडकं.

चेहऱ्यावरून ओळखायचं म्हणाल, तर तोरीई या जुन्या चित्रकार घराण्याच्या चित्रांत सगळे सारखेच दिसतात. १७६० नंतर कात्सुकावा शुन्शो या चित्रकाराने खरे चेहरे काढायला सुरुवात केली. शाराकूने तर १७९४-९५ च्या जेमतेम दहा महिन्यांत नाकं-डोळे असे काही रेखाटले, की नटांना ते आवडले असतील असं मला तरी वाटत नाही.

माझा लाडका मात्र कुनियोशी. १८४२ मध्ये सरकारने नटांची चित्रं छापायला मनाई केली. पठ्ठ्याने मग गोदामाच्या भिंतीवर कुणीतरी खरडल्यासारखी रेघोट्यांची चित्रं छापली. नाव कुठेच नाही, पण चेहरे नाटकवेड्यांच्या ओळखीचे!