हाकेला बघतो, मग कान कशाला तपासायचे?

"ऐकू येतं हो त्याला, मनात असलं की बरोबर ऐकतो." मूल बोलत नाही म्हणून येणारे कितीतरी पालक सुरुवातच या वाक्याने करतात. त्यातलंच एक जोडपं. मुलगा अडीच वर्षांचा, चार-पाच शब्द, तेही घरच्यांनाच कळणारे. आईला तो आठ महिन्यांचा असल्यापासून शंका होती, कारण त्याची बडबड वाढायच्या ऐवजी कमी होत गेली होती. आजींचं म्हणणं, "याचा बापही उशिराच बोलला." आणि वडील ठाम: "मॅडम, दार आपटलं की दचकतो. मी घरी आलो की कडी निघायच्या आत दाराशी हजर. कानांना काही झालेलं नाही, हट्टी आहे नुसता."

मी वाद घातला नाही. निष्कर्ष आपण सांगितला की पालक तो खोडून काढायला बसतात. तोच त्यांच्या हाती लागला तर सोडत नाहीत, हे माझं जुनं मत. वडिलांना म्हटलं, "एक वही करा. आवाज कसला झाला, त्याने काय केलं आणि त्या वेळी त्याचं तोंड कुठे होतं, एवढंच लिहा."

पुढच्या भेटीत ते मोठ्या तोऱ्यात वाचायला लागले. "दार आपटलं, दचकला. जमिनीवर बसला होता. हाक मारली, बघितलं. मी समोर होतो. हाक मारली, नाही बघितलं. पाठमोरा. परत हाक, नाही. पाठमोरा." आवाज हळूहळू उतरत गेला. पान उलटून ते थांबले. "मॅडम, मी आलो की हा दाराशी येतो ना... ती आधी उठते. हा तिच्या मागे येतो."

मी गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की क्षण वाया जातो. बायकोकडे न बघता ते म्हणाले, "आणि मी याला रागवत होतो." तिने वही मिटली आणि मला विचारलं, "तपासायला कुठे जायचं?"

दोन्ही कानांत मध्यम ते तीव्र दोष निघाला. बहुतेक घरं चकतात ती इथेच. ऐकू येणं म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, चालू किंवा बंद. या मुलाला जाड, मोठे आवाज पोचत होते; क, ट, प, स यांचे बारीक आवाज नाही. 'काका', 'टाटा', 'पापा' तिन्ही त्याच्यासाठी 'आ-आ'. बोलतही तो तसाच होता! जमिनीची थरथर, सावली, समोरच्याचे ओठ यांवर ही मुलं इतकी हुशारीने निभावतात की हुशारीच आड येते.

वही म्हणजे तपासणी नव्हे, आणि मागून टाळ्या वाजवणं तर नव्हेच. नवजात बाळाची ओएई चाचणी, म्हणजे आवाजाला आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणं, झोपेत, काही मिनिटांत, न दुखता होते. शंका आली तर पुढे बेरा, म्हणजे आवाज कानाच्या नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी चाचणी. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हे धोरण जगभर मानलं जातं. श्रवणयंत्र काही आठवड्यांच्या बाळालाही बसवता येतं. जन्मतः चाचणी पास झाली म्हणून निर्धास्त राहू नका. मेंदूज्वर, गालगुंड यांनंतर कान पुन्हा तपासा. बाळ अतिदक्षता विभागात राहिलं असेल किंवा कावीळ फार वाढली असेल, तर जास्तच लक्ष ठेवा. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तर ऐकणं खरोखरच कमीजास्त होतं. 'कधी ऐकतो, कधी नाही' हा तेव्हा हट्ट नसतो, आणि हा दोष बऱ्याचदा बराही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांमधला सुमारे 60 टक्के श्रवणदोष टाळता येण्याजोगा आहे. लसीकरण आणि कानाच्या संसर्गावर वेळेत उपचार, हे त्यातले मोठे भाग.

यंत्र बसल्यावर वडिलांनी विचारलं, "आता बोलेल ना?" म्हटलं, "ऐकण्याचं वय आजपासून मोजा. आज तो तान्हा आहे." सुरुवातीला मूल यंत्र ओढून काढतं, तेव्हा हरू नका. टीव्ही बंद करा, जवळ बसा, जे करताय ते बोलत करा. आजींची शेवटची भीती होती, "खाणाखुणा केल्या तर बोलायचा आळस करेल." तसं होत नाही. खुणांनी बोलणं अडत नाही. शब्द यायच्या आधीही त्याला आजीला काहीतरी सांगायचंच असतं.