पाइपलाइनच्या खोदाईत अंदाजापेक्षा जास्त कठीण खडक लागला, ठेकेदार वाढीव पैसे मागतोय, काय करावं?

चर बुजवायच्या आत मोजमाप घ्या, बाकी सगळं नंतर. पाइप टाकून माती लोटली की किती मुरूम होता, किती खडक, हे कोणीच सिद्ध करू शकत नाही. साखळी अंतराप्रमाणे (पाइपलाइनच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरानुसार) लेव्हल म्हणजे पातळी घ्या, चरात स्टाफ (खुणांची मोजपट्टी) उभा धरून फोटो काढा, एमबीत (मोजमाप पुस्तकात) नोंद करून त्याच दिवशी ठेकेदाराची सही घ्या.

आता दर. काम बी-१ निविदेवर (राज्य शासनाच्या टक्केवारी दराच्या निविदा नमुन्यावर) असेल तर कलम ३८ वाचा. साधारणपणे निविदेतल्या परिमाणापेक्षा २५ टक्क्यांपर्यंतच्या वाढीला निविदेचाच दर. त्यापुढच्या परिमाणाला चालू दरसूचीवरून (शासनाच्या दरांच्या यादीवरून) काढलेला दर, त्याला निविदेची टक्केवारी, म्हणजे निविदा अंदाजित किमतीपेक्षा जितके टक्के कमी किंवा जास्त होती ती, लावून. बाबच (म्हणजे त्या प्रकारचं कामच) निविदेत नसेल तर ती जादा बाब, तिचं दर विश्लेषण (दर कसा निघाला याचा हिशेब) वेगळं मंजूर करून घ्यावं लागतं.

दोन्हीकडे लेखी आदेश आधी हवा. “करून टाका, बघू नंतर” असं साइटवर तोंडी सांगणं मला सर्वांत घातक वाटतं. त्यात ठेकेदाराचं बिल अडकतं, ऑडिटचा आक्षेप मात्र शाखा अभियंत्याच्या नावावर येतो. मुदतवाढीचा अर्जही याच वेळी घ्या.