कोऱ्या वर्षांचा खुलासा

प्रश्न : महासाथीमुळे २०२० मध्ये आमची प्रयोगशाळा पाच महिने बंद राहिली आणि माझ्या प्रयोगांसाठी जोपासलेले बहुतेक उंदीर मारावे लागले. संस्थेने माझी पोस्टडॉकची (पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदाची) मुदत सहा महिन्यांनी वाढवली. त्याच वर्षी माझे दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. २०२२ आणि २०२३ ही वर्षे मात्र कोरी आहेत. प्राध्यापकपदाच्या अर्जात याचा खुलासा करावा, की ती सबब वाटेल?

उत्तर : खुलासा अवश्य करावा. तुमची कोरी वर्षे मुळात २०२० चीच आहेत. प्रयोगशाळांना कुलपे लागली तेव्हा अनेकांनी हाताशी असलेली जुनी निरीक्षणे लिहून काढली, त्यामुळे कित्येक नियतकालिकांकडे लेखांची आवक उलट वाढली. जे प्रयोग तेव्हा सुरूच झाले नाहीत, त्यांची उणीव पुढे दोन-तीन वर्षांनी दिसू लागली. ज्येष्ठ प्राध्यापकाच्या गटात अनेक कामे एकाच वेळी चालू असल्याने त्याच्या यादीतला असा खड्डा बुजून जातो, पण ज्याची नेमणूकच दोन-तीन वर्षांची, त्याच्याकडे तो बुजवायला दुसरे काही नसते.

मुदतवाढ मिळाली म्हणजे भरपाई झाली, असे निवड समित्या सहज धरून चालतात आणि मला ते पटत नाही. अमेरिकेतील आघाडीच्या अर्थशास्त्र विभागांविषयी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, मूल झाल्यावर स्त्री-पुरुष दोघांनाही कायम नेमणुकीच्या निर्णयाआधी सारखीच वाढीव मुदत दिली असता पुरुषांची कायम नेमणुकीची शक्यता वाढली, तर स्त्रियांची घटली. महासाथीतही अनेक संस्थांनी या मुदतीचे घड्याळ सर्वांसाठी थांबवले, पण वेळ सर्वांचा सारखा गेला नव्हता : २०२० मधील अमेरिका-युरोपातील शास्त्रज्ञांच्या पाहणीत प्रयोगशाळेवर अवलंबून असलेल्यांचा, स्त्रियांचा आणि विशेषतः लहान मुलांच्या पालकांचा संशोधनाचा वेळ अधिक घटलेला दिसला.

खुलासा तीन-चार वाक्यांचाच असावा. ‘प्रतिकूल परिस्थिती’सारखे शब्द टाळून प्रयोगशाळा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत बंद होती, उंदरांची पैदास पूर्ववत व्हायला किती महिने लागले आणि त्यामुळे कोणता प्रयोग अपुरा राहिला, एवढेच लिहावे. शिफारसपत्र देणाऱ्या मार्गदर्शकांनाही हाच तपशील आधी कळवावा. त्यांच्या पत्रात त्याच तारखा आल्या, तर समितीला तो खुलासा सबब वाटण्याचे कारण उरत नाही.