मालवणातले सहा गाळे आणि पावसाचे चार महिने

प्रश्न : ताई, आम्ही भांडुपला राहतो. मालवणच्या बाजारपेठेत आमचं वडिलोपार्जित कौलारू घर आहे, रस्त्याला लागून. मागे विहीर, माड आणि एक पडका मांगर, म्हणजे सामानसुमान ठेवायची जुनी इमारत. थोरला भाऊ तिथेच असतो. त्याचा मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून गोव्याला एका हॉटेलात मेंटेनन्सला आहे, मुलगी बी.कॉम. होऊन घरीच आहे. पुढची पडवी पाडून सहा गाळे काढायचं आमचं चाललं आहे. दलाल म्हणतो, गिफ्ट शॉपवाले, सरबतवाले गाळ्यामागे महिना १६ हजार देतील, पण ऑक्टोबर ते मे एवढंच. भाऊ म्हणतो, भाडं येईल, पण पोरांच्या हाताला काम कुठलं? आम्ही काय करावं?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : दलाल खोटं सांगत नाही, पण मी तुमच्या भावाच्या बाजूची आहे. आधी आकडे बघू. १६ हजार गुणिले आठ महिने, म्हणजे १,२८,०००. आता बारा महिने राहणारा कुणी साडेदहा हजार देणारा मिळाला, तर वर्षाचे १,२६,०००. फरक दोन हजारांचा. दर ऑक्टोबरला नवा भाडेकरू, नवी दलाली, नवा करार आणि चार महिने बंद राहून गंजलेलं शटर, हे सगळं त्या दोन हजारांत बसवून दाखवा. समुद्राच्या खाऱ्या हवेत रोलिंग शटरची स्प्रिंग किती दिवस टिकते ते भावाला विचारा. पेठेतल्या जुन्या दुकानदारांनी फळ्यांची दारं ठेवली होती ती काही हौसेने नाही.

बँकेत असताना माझी काही वर्षं त्याच भागात कर्जाच्या टेबलावर गेली. कर्ज मागायला आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारायचे, ‘जुलैत हप्ता कुठून भरणार?’ मे महिन्याचा गल्ला सगळेच मिटक्या मारत सांगतात. पण २६ मेच्या सुमाराला जलक्रीडा आणि सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या बंद होतात, त्या थेट ऑगस्ट संपेपर्यंत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. म्हणजे पर्यटकही नाही आणि मासाही नाही. गणपतीत चाकरमानी येतात खरे, पण ते स्वतःच्या घरी जेवतात आणि मुंबईहून पिशव्या भरून आणतात. त्यांच्या भरवशावर फ्रीज मॅग्नेट विकणार कोण?

जुलैतल्या एका पाहणीत मला पेठेत काय दिसलं ते सांगते. सरबताच्या दुकानावर निळी ताडपत्री, तिच्यावर पाण्याचं तळं. दोन दारं पलीकडे पिठाची गिरण, आणि तिथे छत्र्यांची रांग. कुणाचं घावण्यांचं तांदूळपीठ, कुणाचं वडेपीठ, एका आजींचे कुळीथ, ते पार्सल मुंबईला नातवाकडे जायचं होतं. गिरणवाल्याला मान वर करायला फुरसत नव्हती. त्याला पर्यटक आला काय, गेला काय! मला विचाराल तर बारमाही रोजगार असाच उभा राहतो. एक तर जे तिथे बारा महिने राहतात त्यांची गरज भागवायची, नाही तर शेजाऱ्याचं बंद असेल तेव्हा ज्याला मागणी येते ते काम धरायचं.

तुमच्या पुतण्याचं काम या दुसऱ्या प्रकारचं आहे. होड्या किनाऱ्यावर ओढल्या, शाकारल्या, की इंजिनं उतरतात. बंदीचे दोन महिने म्हणजे आउटबोर्ड मोटर (होडीच्या मागे बाहेरून लावतात ते इंजिन), पंप आणि डिझेल इंजिन दुरुस्तीचा हंगाम. त्यात जलक्रीडावाल्यांच्या बोटींची इंजिनं त्याच दिवसांत मोकळी असतात. नोव्हेंबर ते मे किरकोळ दुरुस्ती, शेतीपंप, हॉटेलांचे वॉटर पंप. तो गोव्यात दुसऱ्याच्या हॉटेलाचे पंप बघतोय, तर हेच मालवणात का नको? फक्त हे काम पडवीतल्या आठ फुटी गाळ्यात होणार नाही. टेम्पो आत यायला वाट हवी, थ्री-फेज वीज हवी, खाली काँक्रीट हवं, तेल विहिरीकडे वाहून जाणार नाही असा उतार हवा. मागचा मांगर त्याला द्या. चिऱ्याच्या भिंती शाबूत असतील तर छप्पर तेवढं नवं करा.

पुतणीसाठी मी लाँड्री सुचवली असती. जवळच्या तारकर्ली-देवबागच्या पर्यटक निवासांच्या चादरी, टॉवेल रोजचे निघतात, आणि पावसात तर घरोघरी कपडा वाळत नाही, म्हणजे ड्रायरला गिऱ्हाईक गावातलंच. पण आधी एक करा. मे महिन्यात, विहीर तळाला गेली असताना, बादलीभर पाणी काढा आणि साबण घासा. फेस आला नाही, पाणी खारट निघालं, तर तो विचार सोडा. टँकरच्या पाण्यावर लाँड्री चालवणं म्हणजे टँकरवाल्याची नोकरी करणं. (आणि वीज जाते म्हणून जनरेटरचा खर्चही धरा. महावितरणला पावसाळा वर्ज्य आहे असं आमच्या शाखेतले शिपाई म्हणायचे.)

पाणी खारं निघालं तर कोकम आणि काजू आहेतच. कोकम एप्रिल-मेत पिकतं, पहिल्या पावसाच्या आत सालं वाळली नाहीत तर माल गेला. पण मीठ घालून आगळ, म्हणजे खारवलेला रस, करून ठेवलं की ते वर्षभर बाटल्यांत भरता येतं. काजूची बी मार्च ते मे विकत घ्यायची, नीट वाळवून साठवायची आणि वर्षभर फोडत राहायची. चार-पाच बायकांना रोजचं काम मिळतं. अडचण एकच, पैसा सगळा तीन महिन्यांत गुंतून पडतो. म्हणून मशिनच्या कर्जाबरोबर खेळत्या भांडवलाची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे लागेल तशी उचलायची आणि भरायची रक्कम, मागायला विसरू नका. अर्धे काजूवाले मशिनपायी नाही, हंगामात बी घ्यायला पैसे नसतात म्हणून बसतात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, बाटलीवर ते लावायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करा.

कर्जासाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अर्ज करता येतो. उत्पादनाला ५० लाखांपर्यंत, सेवेला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प. मालवण नगरपरिषदेच्या हद्दीत, म्हणजे शहरी धरलं तर महिलेला अनुदान २५ टक्के, स्वतःची गुंतवणूक पाच टक्के. अर्ज पुतणीच्या नावावर जावा हे उघड आहे. मात्र योजना नव्या उद्योगाला आहे. आधी दुकान उघडून मग अर्ज करायचा, असं चालत नाही.

आता गाळे. सहा नको, तीन करा. पडवीची मापं बघा, सहात प्रत्येकाला टपरीएवढी जागा येईल आणि टपरीवालाच येईल. एक गाळा औषधं किंवा रक्ततपासणी संकलनासाठी द्या, एक शिंपी किंवा झेरॉक्स-ऑनलाइन फॉर्मवाल्याला. तिसरा गिफ्ट शॉपला दिलात तरी माझी हरकत नाही. पर्यटकांचे पैसे घेऊ नका असं कोण म्हणतंय? भाड्याचा लेखी करार करून तो नोंदवायचाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

पाडकामाला हात लावण्याआधी दोन कागद. मिळकत पत्रिकेवर बहिणींची नावं आहेत ना? नसली तरी हक्क आहे, आणि एकीची सही राहिली की बँक फाइल बाजूला ठेवते. दुसरा, सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्याचा नकाशा. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरच्या आत घर असेल तर २०१९ च्या अधिसूचनेत तुमचा तुकडा कोणत्या वर्गात येतो ते नगरपरिषदेत बघा. ‘पेठेत सगळ्यांनीच केलंय’ हे उत्तर तिथे चालत नाही.

प्रश्न : मी वर्सोवा कोळीवाड्यातली. सुके बोंबील, जवळा आणि सुकट आम्ही घरच्या माळ्यावर भरतो. मुलगा म्हणतो, अंधेरीत औद्योगिक वसाहतीत गाळा घेऊ. घ्यावा का?
— एक वाचक, वर्सोवा

उत्तर : नको. वास आला की शेजारचे गाळेवाले तक्रार करतील आणि वर्षात बाहेर पडाल. शिवाय वाळवणं होणार वळांडीवर, म्हणजे मासळी टांगायच्या बांबूच्या मांडवावर, कोळीवाड्यातच. माल टेम्पोत घालून अंधेरीला न्यायचा कशाला? कोळीवाड्यातच तळमजल्याची खोली बघा, जमिनीला लादी, खिडक्यांना जाळी, आणि पावसाळ्यात आत ओल धरणार नाही अशी. तुमचं गिऱ्हाईक जून-जुलैत सगळ्यात जास्त, ताजी मासळी नसते तेव्हा. म्हणून एप्रिलपर्यंत माल कोरडा करून हवाबंद पाकिटात जाऊ दे, आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, खरेदी मेमध्येच सुरू होते. लहान उलाढालीला अन्न सुरक्षेची साधी नोंदणी पुरते, तिचा क्रमांक पाकिटावर छापा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना प्रकल्पखर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात जाऊन चौकशी करा, आणि जाताना आपल्या मच्छीमार सोसायटीचं पत्र घेऊन जा.